नख अडकतंय का बघा

आमच्या गॅरेजात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. काचा झाकायला आणलेले जुने पेपर आणि गिऱ्हाइकांच्या थापा. पेपर निदान रद्दीत जातात, थापा डोक्यात बसतात. दादा होता तेव्हा संध्याकाळच्या चहाला आम्ही त्या आठवून हसायचो. आता मी एकटाच आहे आणि हसू येत नाही, राग येतो. तरी सांगतो.

सात रस्त्याजवळ आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. गाडीवरची रेघ काढायला आलेला माणूस "मी घासली" असं कधीच म्हणत नाही. एक साहेब आले. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत सरळ रेघ. म्हणे, "उभ्या गाडीला म्हशीनं शिंग मारलं!"

दादानं रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळा रंग लागला.

"साहेब, म्हैस डिव्हायडरला बांधली हुती व्हय?"

*

दादाचा एक नियम होता. रेघेवर आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर रंग मारावा लागणार. नाही अडकलं तर नुसत्या पॉलिशनं जाणार. नख अडकत नसेल तर गिऱ्हाइकानं कितीही म्हटलं तरी दादा रंग मारायचा नाही. "मी खोटं बोलंन, तुमी खोटं बोलाल, नखाला येत न्हाय," म्हणायचा.

शुक्रवार पेठेतले एक सर नवी कोरी गाडी घेऊन आले. बॉनेटवर केसाएवढी रेघ. दादानं नख फिरवलं. "पॉलिशनं जाईल सर. उद्या या."

सरांना उद्यापर्यंत धीर कुठला! घरी जाऊन त्यांनी भांड्यांची तारेची घासणी घेतली, वर भांड्यांची पावडर टाकली आणि तासभर घासलं. दुसऱ्या दिवशी बॉनेट पांढरंफटक.

"सर, ह्ये काय केलं?"

"पण रेघ गेली ना?"

"गेली की! जाताना बॉनेट घिऊन गेली!"

*

दादाला दुसऱ्याच्या गाडीवरची रेघ दहा फुटांवरून दिसायची. स्वतःच्या छातीतलं दुखणं मात्र त्याला गॅस वाटला. दोन दिवस सोडा पीत राहिला. मी म्हणालो, "दवाखान्यात चल." तर मलाच म्हणाला, "हातातलं दार हुंदे." वय छत्तीस! अजून राग येतो त्याचा.

ते दार अर्धंच राहिलं. चौथ्या दिवशी त्या दाराचा मालक गॅरेजवर हजर.

"लग्नाला जायचंय हो आम्हाला. गाडी कधी देताय?"

"दादा गेला."

"अरेरे! फार वाईट झालं. देवमाणूस होता..." मग घड्याळ बघून म्हणाला, "दाराचं कसं करायचं मग?"

मी पाना घेतला, बिजागऱ्या खोलल्या, दार काढलं आणि त्याच्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं.

"आता जावा लग्नाला. वारं लागंल चांगलं!"

वहिनीनं मला ओरडून ते परत बसवायला लावलं. रडत बसवलं, पण घट्ट बसवलं.

*

पुढच्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं. तिचं डावं दार दादानं जायच्या आधी रंगवलेलं, उजवं नंतर मी. तो माणूस डाव्या दाराशी वाकला आणि त्यानं नाक मुरडलं.

"ह्ये बघ, ह्यो तुजा हात. शेड जुळली न्हाय. आणि ते उजवं बघ! दादाचं काम लगीच कळतंय!"

मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. त्याच्या अंगावर धावून गेलो. चहावाल्यानं धरलं म्हणून वाचला.

*

आता आमच्या घरच्या गाडीचं.

दादाची निळी गाडी मी शिकताना गॅरेजच्या खांबाला घासली होती. दारावर हातभर रेघ. वाटलं, आता मार बसणार. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुजा हात बसला की तूच काढ. कवा ते मी सांगतो."

चार वर्षं झाली. दर दिवाळीला मी विचारायचो, "दादा, आता?" तो माझं काम उन्हात नेऊन बघायचा, मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाय."

परवा वहिनी म्हणाली, "भावजी, गाडी दारात दिसली की वाटतं हे आलेत. इकून टाका ती."

श्रीपूरच्या साखर कारखान्यातला एक जण बघायला आला. गाडी पसंत पडली. "तेवडी रेघ काढा. रविवारी घिऊन जातो."

"काढा," वहिनी म्हणाली.

पहिल्या दिवशी मी सँडपेपर पाण्यात भिजवला. तो वाळला. दुसऱ्या दिवशी परत भिजवला. परत वाळला. रविवारी सकाळी अख्ख्या गाडीला पॉलिश मारलं. गाडी आरशासारखी झाली आणि रेघ रस्त्यावरून दिसायला लागली.

तो आला. "आवं, रेघ तशीच हाय की!"

"पॉलिशनं गेली. नख अडकत न्हाय आता."

त्यानं वाकून नख फिरवलं. टक्. परत फिरवलं. टक्. वहिनी दारातच उभी होती. तो सरळ झाला आणि त्यानं नख माझ्यापुढं धरलं.

मी म्हणालो, "तुमचं नख वाढलंय. कापून या!"