बाजूला सारलेली पत्रिका

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मीच करणार, हे मी धरूनच चालले होते. तापीकाठच्या प्रकाशा गावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बारा वर्षं मी पत्रिका आणि बॅनर करतेय. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्ससुद्धा मीच टाकलं, फोनवर बघून बघून. मग अक्कलकुव्याची धाकटी जाऊ घरात आली, डिझाइनचा डिप्लोमा घेऊन.

माझी पत्रिका तयार होती : सोनेरी गणपती, कडेनं गुलाब. शनिवारी दुपारी तिनं सहज म्हणून दुसरी केली. नुसत्या रेघांत तापीचा घाट, देवळाचा कळस, एक होडी. सासूबाई चष्मा लावून बघत राहिल्या.

"हाईच छापा," त्या म्हणाल्या. "कितली भारी शे."

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखलं.

संध्याकाळी ती देवळात गेली, तेव्हा मी ते केलं. आमच्या डिस्कमध्ये कप्पे आहेत. सगळं काम एका कप्प्यात असतं आणि रोज सकाळी त्याची प्रत आपोआप निघते. मी चालू कप्प्याचं नाव बदलून तो बाजूला सारला आणि सकाळची प्रत त्या जागी, त्याच नावानं बसवली. त्या प्रतीत तिची पत्रिका नव्हती. जुना कप्पा पुसून टाकायचं मात्र धाडस झालं नाही. घरात सांगितलं, क्षणभर वीज गेली, फाइल उडाली. ती हळहळली आणि म्हणाली, जाऊ द्या, तुमचीच छापू. तेही मला झोंबलं.

मंगळवारी खरंच वीज गेली आणि दिवसरात्र चालू असणारा कॉम्प्युटर शनिवारनंतर पहिल्यांदाच बंद पडला. वीज परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू होताना मध्येच थांबला. काळ्या पडद्यावर एवढंच, की कामाचा कप्पा जोडता येत नाही. दुपारी नंदुरबारहून छापखान्याचा माणूस पत्रिका न्यायला येणार होता. मी तासभर झटत होते. सुरू होताना कोणता कप्पा कुठे जोडायचा, हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ती चारदा वाचली. नाव बरोबर होतं.

"तू ऊठ, तिले बसू दे," सासूबाई म्हणाल्या.

मी उठेना. तिला काही जमणार नाही याची भीती नव्हती, जमेल याचीच होती. ती बसली की कप्प्यांची यादी काढणार, आणि यादीत मी सारलेला कप्पा दिसणार. चोराच्या मनात चांदणं. शेवटी सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला उठावं लागलं.

तिनं यादी काढली. मग म्हणाली, "ताई, नाव तेच शे, पन नंबर बदलना."

कप्प्याला नावाबरोबर एक क्रमांकही असतो. फाइलमध्ये अजून जुन्याचाच क्रमांक होता, नव्या प्रतीचा वेगळा. तिनं क्रमांक बदलला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. माझं सगळं काम जागेवर आलं. एवढ्या सोप्या गोष्टीवर मी तास घालवला होता.

मग तिनं दुसरा कप्पा उघडला. त्यात घाट होता, कळस होता, होडी होती. त्याचं नाव कुणी बदललं, हे तिला विचारावं लागलं नाही. कॉम्प्युटरला हात लावणाऱ्या आम्ही दोघीच. सासूबाई मागे उभ्याच होत्या, त्यांना पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "ताई, हाऊ जुना कप्पा ठेवू का पुसी टाकू?"

विचारून ती उठली आणि खुर्ची मला दिली.

मी बसले. पत्रिका पहिल्यांदा नीट पाहिली. माझ्यापेक्षा चांगली होती. अशी रेघ मला बारा वर्षांत काढता आली नाही, आणि हे मला तेव्हाच, तिच्यासमोर, कळत होतं. ती पुसायला टाइप केलेली एक ओळ पुरली असती.

"आई," मी म्हणाले, "हिनी घाटवाली पत्रिका सापडनी."

"कोनले सापडनी?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ताईस्ले." ताईंना, म्हणजे मला.

सासूबाईंनी माझी पाठ थोपटली. लग्नासाठी घाटाचीच पत्रिका छापली गेली आणि घरोघरी तिचं कौतुक झालं. तरी मी सर्वांत जास्त जळले ते त्या एका शब्दावर. तिच्या जागी मी असते तर माझ्या तोंडून तो आला नसता.