खिशातला गूळ

"यांच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. मी नुसती मान हलवली. मला काहीच वाटलं नाही.

आमचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायच्या शेडमध्ये कामाला. पोटात पीळ पडायचा, जेवण नकोसं व्हायचं. आम्ही पित्त म्हणून कोकम पाजत बसलो. मग उजवा पंजा मनगटातून उचलेना, तेव्हा कुठे मोठा दवाखाना गाठला. त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात, म्हणजे नस दुबळी होऊन पंजा लोंबकळणं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्दही तिथंच ऐकला. डॉक्टरांनी सोपं केलं. "शिशामुळे शरीरात घातक कण वाढतात, त्यांना आवरणारी ताकद कमी पडते. लोखंड गंजतं तसं समजा. रक्त, मूत्रपिंड, नसा, सगळ्यांना झळ बसते. शेडमध्ये काही खाता का?"

"न्हाय ओ, जेवायला भाईर येतो. निस्ता गूळ तेवढा खातो. त्यानं छातीतला धुरळा सुटतोय की," हे म्हणाले.

शेडमध्ये सगळेच खातात. आपल्याकडे गुळाला कोण नाही म्हणणार?

"गुळानं धूळ सुटत नाही," डॉक्टर म्हणाले. "हाताचं शिसं गुळाला लागतं आणि पोटात जातं."

तेव्हा मला यांचा खिसा आठवला. उरलेला खडा हे खिशातून घरी आणायचे. गाडीचा आवाज आला की आमची चार वर्षांची सई पळत जाऊन खिशात हात घालायची. मी ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उद्या तिला घेऊन या."

रिपोर्ट येईपर्यंत मी भाकऱ्या थापल्या, धुणी धुतली. रडले नाही. सासूबाई म्हणाल्या, "खंबीर हाईस." खंबीर कसली, दगड झाले होते.

सईच्या रक्तातही शिसं निघालं, यांच्यापेक्षा कमी. यांना चिलेशन दिलं, म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. तिला औषध नाही. शिशाचा संपर्क बंद, सकस खाणं आणि पुन्हा पुन्हा तपासणी. "डोक्यावर परिणाम होईल का?" मी विचारलं. "लक्ष ठेवू," एवढंच ते म्हणाले.

अशा कामावर घरचं कुणी असेल तर हाततोंड धुऊन, कपडे तिथंच बदलून घरी येऊ दे. शेडमध्ये गूळसुद्धा नको.

डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं, हे उपकार मी विसरणार नाही. यांनी ते काम सोडलं. पंजा आता निम्मा उचलतो. शर्टाचे खिसे मी शिवून टाकलेत.

संध्याकाळी सई आकडे म्हणते. सगळीच पोरं चुकतात. ती चुकली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.