कुतमानच्या उसन्या सात पिढ्या

कुतमान वायरमन. किरगिझस्तानातल्या नारिनच्या बालगृहात वाढला, तिथल्याच एका मिस्त्रीच्या हाताखाली विजेचं काम शिकला, आणि बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर गेला तो युवा शिबिराच्या निमित्ताने. आठ किरगिझ पोरंपोरी, दहा दिवस, कझाक गावातल्या शाळेच्या भिंतींना गिलावा करायचा आणि तिथल्या घरांत राहायचं. जाताना त्याला धास्ती एकाच गोष्टीची होती. जेवायला बसलं की कुणीतरी सात पिढ्या विचारणार. किरगिझ-कझाकांत ते नावगाव विचारण्याइतकं साधं आहे. सात बापजाद्यांची नावं ज्याला येत नाहीत तो कसला माणूस, असं लोक हसत हसत म्हणतात आणि विसरून जातात. कुतमानसारख्याला मात्र ते लागतं. त्याच्या पासपोर्टावर बापाचं एकच नाव होतं, आणि तेही बालगृहाच्या बाईंनी मनाने घातलेलं.

पहिल्याच संध्याकाळी झेइनेप आजींनी, म्हणजे ज्यांच्या घरी सगळे जेवायला जमले होते त्यांनी, चहाची वाटी पुढे करत विचारलंच, "आणि तू रे, कुणाचा?"

दोन वर्षांपूर्वी कोचकोरला एका म्हाताऱ्याच्या घरी वायरिंग करताना भिंतीवर चौकटीत लावलेली वंशावळ त्याला दिसली होती. शिडीवर उभ्या उभ्याच त्याने ती पाठ केली होती. तीच आता घडाघडा म्हटली. "बोरुबाय, एशिम, तोक्तोर..." सातही नावं झाली.

समोर बसलेली शिबिरातली बेर्मेत घास तोंडात घालता घालता थांबली. ती कोचकोरची, पण शिकायला बिश्केकला असायची.

"ही तर आमच्या आजोबांच्या भिंतीवरची नावं," ती म्हणाली.

बेर्मेतने बोटांवर मोजलं आणि मान हलवली. "बोरुबाय म्हणजे आजोबांचे वडील. तू त्यांचा मुलगा, म्हणजे आजोबांचा भाऊ. माझा चुलत आजोबाच की तू."

"बोरुबायने उतारवयात दुसरं लग्न केलं असेल," एल्दियार म्हणाला. हा त्यांच्यातला सगळ्यात वात्रट. सगळे हसून लोळले, आणि कुतमान बचावला.

त्या दिवसापासून तो सगळ्यांचा आजोबा. शिडीवर चढला की, "आजोबा, गुडघे सांभाळा." जेवताना मानाच्या जागी त्यालाच ढकलायचे. रात्री गार वारं सुटलं तर एल्दियार स्वतःचं जाकीट त्याच्या अंगावर टाकायचा, वर म्हणायचा, "म्हाताऱ्या माणसाला सर्दी व्हायला नको." निरोपाच्या जेवणात झेइनेप आजींनी वडीलधाऱ्याच्या मानाचं बकऱ्याचं डोकं कुतमानपुढेच ठेवलं. त्याचं काय करतात हे त्याला कुठलं ठाऊक? बेर्मेत कानात कुजबुजली, "कान कापून धाकट्याला दे." त्याने दिला. बावीस वर्षांत एवढं सुख त्याला कधी लाभलं नव्हतं, आणि सगळं खोट्यावर उभं होतं.

परतीच्या गाडीत बेर्मेत म्हणाली, "माझे आजोबा सीमेवर न्यायला आलेत. फोनवर सांगितलंय मी. त्यांना तुला बघायचंय."

सीमा तासाभरावर होती. अर्ध्या वाटेत कुतमान सगळ्यांसमोर बोलून मोकळा झाला. बालगृह, शिडी, भिंत, सगळं. "मी कुणाचाच नाही," तो म्हणाला.

मग एल्दियार म्हणाला, "म्हणजे बकऱ्याचं डोकं फुकट खाल्लंस तू."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बेर्मेत म्हणाली. "बोरुबाय दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. मला काय मोजता येत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"एकाही नावाला अडखळला नाहीस तू. आमच्या घरात कुणाला इतकी नीट येत नाहीत."

सीमेपलीकडे म्हातारा काठी टेकून उभा होता. कुतमानला त्याने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वायरमन ना तू? तासभर भिंतीकडे बघत होतास. मला वाटलं, याला वायर सापडत नाहीये."

"माफ करा आजोबा. चोरली मी नावं."

"ते असू दे. पण म्हणतोस चुकीच्या जागेवरून. माझ्या बापाला तुझा बाप केलास, आणि माझं नावच गाळलंस. भिंतीवर मी स्वतःचं नाव लिहीत नसतो, एवढं कळायला नको?" म्हाताऱ्याचा आवाज चढला होता. "आधी असानाली म्हणायचं. बेर्मेतचा बाप तो. त्याला मुलगा नाही. मग जुमाश, म्हणजे मी. मग बोरुबाय. शेवटची दोन गळतील, सातच मोजायची. म्हण बघू."

बाकीचे पिशव्या घेऊन तिथेच थांबले होते.

"असानाली," कुतमान म्हणाला, आणि पहिल्यांदाच अडखळला. पुढचं नाव काही केल्या येईना.

"जुमाश," म्हाताऱ्याने स्वतःच सांगितलं. "पुढची तुला येतात."