मोज्यात भरायचं वाण

नाताळच्या मोज्यात काय भरायचं ते मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगते. पायाच्या बोटांकडे एक लहान संत्रं, म्हणजे मोजा खाली ओढ घेतो आणि भरल्यासारखा दिसतो. टाचेत काहीतरी खुळखुळणारं. मध्ये घडी घालून रुमाल. तोंडाशी गोळी, कारण लेकराचा हात आधी तिथंच जातो. आणि महाग काही भरू नये. महाग वस्तू आई लगेच लेकराच्या हातातून काढून घेते, 'सांडशील, हरवशील' म्हणत. मी हे मोजे आयुष्यात एकदाच भरले, पण ते एकदाचंच पुरे झालं.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं, पंच्याहत्तरच्या आसपासचं. सासर सक्करदऱ्याला आणि शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सदरला, मिशनची. मी बालवर्गाची कच्ची बाई, म्हणजे अजून कायम न झालेली. शाळेची रीत अशी की प्रत्येक लेकरानं घरून एक धुतलेला पांढरा मोजा आणायचा आणि नाताळच्या सुट्टीआधी वर्गाच्या बाईनं तो भरायचा. मोठ्या सिस्टरनं मला बोलावून अटी सांगितल्या. सगळ्यांना सारखंच. टोचणारं नको, फुटणारं नको. मोजा हलवला की आतून वाजला पाहिजे. "हे नीट झालं की जानेवारीत तुमचा कायमचा कागद काढते," म्हणाल्या.

तो कागद मला हवा होता. जीव जाईल इतका हवा होता. सासरी मला कोणी मारत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. पण पाणी प्यायला उठले तरी "कुठं चालली वं?" हे ठरलेलं. सकाळी सिटी बस सुटली की मग कुठं मला पुरता श्वास यायचा. सासूबाईंचं मत ठाम होतं: मिशनची शाळा म्हणजे बाटवायचा कारखाना. त्यांनी मुदतच घालून दिली होती, "संक्रांतीपर्यंत कर काय करायचं ते, मंग घरी बस." नवरा देवमाणूस. देवासारखाच काही बोलायचा नाही.

एका सुट्टीत मी इतवारीच्या बाजारात जाऊन ठोकच्या दुकानातून स्वस्तातलं सामान आणलं. छोट्या रंगीत फण्या, हातरुमाल, झाकणाच्या प्लास्टिकच्या इवल्या डब्या आणि शिट्ट्या. डब्यांत लिमलेटच्या गोळ्या घालायच्या, म्हणजे गोळ्या संपल्या तरी डबी खेळायला उरते. मोठी शक्कल लढवली म्हणून मी स्वतःवर खूश होते. घरी आल्यावर सगळं माझ्या पेटीत साड्यांखाली लपवलं. नाताळाचं नाव काढलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद!

दोन दिवसांनी शाळेतून आले, तर सगळं सामान पलंगावर मांडलेलं. सासूबाई आणि शेजारच्या काकू समोर बसून एकेक डबी उघडून पाहत होत्या.

"अवं, केवढं वाण आणलं तू!" सासूबाई म्हणाल्या. "सांगतलं बी नाही! फण्या, रुमाल, कुकवाच्या डब्या! पहिल्या संक्रांतीचं वाण सून सोताच्या कमाईनं आणते, आमच्या घराण्यात तं कोणी पाहिलं नाही."

आणि त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली. लग्नाला आठ महिने झाले होते. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी एक शिट्टी उचलली, उलटीपालटी करून पाहिली. "अन् हे?"

"बायांसोबत लेकरं येतात ना, त्यांच्यासाठी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "वाणच आहे ना वं हे?"

"हो, आई."

झालं! स्वतःच्या तोंडानं स्वतःला कोंडून घेतलं. सासूबाईंनी सगळं सामान उचलून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. काकूंनी संध्याकाळपर्यंत गल्लीभर करून टाकलं की अमक्यांची सून मोठी गुणाची. येणारीजाणारी बाई माझं कौतुक करायची आणि मी मान खाली घालून हसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "आईले खरं सांगून दे ना." तू सांग म्हटलं, तर पेपर वाचायला बसला.

मोजे भरायला चार दिवस उरले होते आणि हातात एक शिट्टीही नव्हती. शाळेसमोरच्या शिंप्याकडून मी जुनी बटणं मागून आणली. बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवला की भिंगरी होते, ओढली की गुर्र करते. रिकाम्या काडेपेट्यांत चिंचोके घालून वर पतंगीचा कागद चिकटवला, तो खुळखुळा. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची भिरभिरी. फुटाणे आणि गुळाचा खडा कागदात पिळून बांधला. सगळं मधल्या सुट्टीत, डबा न खाता. संत्र्यांची तर आमच्याकडे ददात नाही.

आणि लेकरं अशी खूश झाली म्हणून सांगू! वर्गभर गुर्र गुर्र. सिस्टरनं स्वतः एक भिंगरी ओढून पाहिली. जानेवारीत कागद आला. सही करून सोमवारपर्यंत द्यायचा होता. घरी सांगितल्याशिवाय सही करायचा धीर होईना, म्हणून मी तो पर्समध्ये ठेवला आणि रोज बसमध्ये काढून वाचला.

सोमवारच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. काळी साडी, हलव्याचे दागिने, दारापर्यंत बाया. मी एकेकीच्या ओटीत माझ्या पोरांच्या फण्या आणि डब्या घालत होते. सासूबाई मधोमध बसल्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आता सूनबाई नोकरी सोडून राहिली. पहिलं वाण सोताच्या कमाईचं केलं, हौस झाली. आता घर पाहीन म्हणते."

मी असं कधी म्हटलं होतं? बाया वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. सासूबाईही पाहत होत्या. मी तबक सावरलं आणि पुढच्या बाईला हळद लावली.

सोमवारी कागद सही न करताच सिस्टरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कारण विचारलं. घरी अडचण आहे म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं आणि दुपारच्या आत घरी आले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "इतक्या लवकर काहून आली वं? बरं नाही का?"

"सोडली नोकरी."

त्यांचा हात सुपातच थांबला. "सोडली? काहून?"

"तुम्हीच सांगितलं ना काल सगळ्यांना."

"अवं, मी म्हटलं!" त्या ओरडल्याच. "मी तं रोज काही ना काही म्हणतच राहते! तुही माय लग्नात सांगे, पोरगी मोठी भांडकुदळ आहे, सांभाळून घ्या. मी तं वाट पाहून राहिली होती तुह्या भांडायची. ते शाळेचं सामान पेटीत भेटलं, तवा पाहिली. काल बी पाहिली. तू तं तोंडच उघडत नाही, बाई!"

तेव्हा मात्र मी तोंड उघडलं. पदर खोचला आणि गल्ली गोळा होईल अशी भांडले. नऊ महिन्यांचं सगळं बाहेर काढलं, पाणी प्यायला उठण्यापासून. सासूबाई आधी उलटून बोलल्या, मग त्यांनी सूप बाजूला सारलं. शेवटी म्हणाल्या, "जा उद्या. माग तो कागद परत. मीच धाडलं म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं गेले. बालवर्गाचं दार उघडं होतं आणि आत दुसरी बाई माझ्या लेकरांची हजेरी घेत होती.