कवचवीर जेवतो

महाडच्या बाजारपेठेत कमलाकरचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगला त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. मांडवात आलेला एकही माणूस कॅसेटमधून सुटता कामा नये, हा त्याचा नियम. एकदा पोलादपूरच्या लग्नात नवरीची मावशी राहून गेली, तर त्या घराने पुढची सगळी लग्नं दुसऱ्याला दिली. तेव्हापासून पंगत बसली की कमलाकर शेवटच्या पानापर्यंत जाऊन प्रत्येकाचं तोंड टिपायचा, मग ते जिलबीने भरलेलं का असेना.

असा हा माणूस नव्व्याण्णव साली सिनेमा काढायला निघाला.

त्याचं असं झालं. केबलवर कवचवीर नावाचं एक कार्टून लागायचं आणि पोरं त्यापायी वेडी झाली होती. बाजारात त्याचे प्लास्टिकचे बाहुले आले होते. अंगात चंदेरी चिलखत, डोक्यावर बंद शिरस्त्राण. चेहरा आजवर कुणी पाहिलेला नाही. कमलाकरची मुलगी सई, वय वर्षं नऊ, या विषयातली मोठी पंडिता. ती एकदा सहज म्हणाली, की खराखुरा माणूस घेऊन याचा सिनेमा का काढत नाहीत? झालं. ते कमलाकरच्या डोक्यात शिरलं आणि ठाण मांडून बसलं. खेळणी करणाऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत त्याने इतके खेटे घातले, की शेवटी तिथला साहेब वैतागून म्हणाला, गावात दाखवा, पण तिकीट लावू नका.

बायको सरोजने कपाळावर हात मारला, पण रिक्षाच्या सीटचं रेक्झिन आणि तेलाचे डबे कापून चिलखत तिनेच शिवलं. स्कूटरच्या हेल्मेटला चंदेरी रंग दिला. एवढं ओझं पेलणार कोण? कमलाकरला नाथू आठवला. आंबेनळी घाटाच्या वरच्या वाडीत म्हसरं राखणारा, दारातून वाकून आत येणारा उंचापुरा गडी. नाथू हसत तयार झाला. त्याची बायको बयाबाई मात्र उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"भाऊ, मानूस आमचा न्या. पन त्याचं तोंड दिसलं पायजे. नायतर आत कोन व्हता, ते कुनाला कलनार हाय?"

"थेटरभर लोक बघतील," कमलाकर म्हणाला. "शब्द देतो."

घरी येऊन त्याने हे सांगितलं मात्र, सई संतापलीच. कवचवीर शिरस्त्राण काढत नाही, कधीच नाही. काढलं तर तो कवचवीरच नव्हे, पोरं थेटरातून उठून जातील. तिने बापाशी बोलणंच टाकलं. पोरगी म्हणते ते खरं आहे, हे कमलाकरला मनातून पटत होतं आणि म्हणूनच त्याला जास्त राग येत होता. पण दिलेला शब्द मागे घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

एप्रिलच्या उन्हात शूटिंग सुरू झालं. घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या रोलरला चमकीचा कागद चिकटवून त्याचा राक्षस केला. कवचवीर उडताना त्याला खालचं जग कसं दिसतं, ते हिरकणीवाडीला रायगडाच्या रोपवेत बसून टिपलं. उभे कडे उतरणारा नाथू त्या पाळण्यात मात्र डोळे गच्च मिटून बसला होता. पायाखाली जमीन नाय, म्हणाला.

एका दुपारी बयाबाई फडक्यात भाकर बांधून आली. चिलखतातला नवरा पाहून ती थबकली, मग सरळ म्हणाली, "काढ ते. खा आधी."

नाथूने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, भुवईवर लाल वळ. जांभळीखाली बसून तो भाकरीवर कांदा ठेवून खाऊ लागला. कमलाकरने कॅमेरा बंद केला नव्हता. सिनेमातल्या शेवटच्या लढाईआधी हेच लावायचं, असं त्याने तिथेच ठरवून टाकलं.

जोडकामाला, म्हणजे एडिटिंगला, कॅसेटी दादरला गेल्या. भाचा रुचिर तिथल्या स्टुडिओत कामाला होता. त्याने भाकरीचा भाग बिनदिक्कत उडवला आणि फोनवर सांगितलं, "मामा, हे लग्न नाही. हिरो जेवत नसतो."

कमलाकर वीर स्टेशनला जाऊन मिळेल ती गाडी धरून दादरला थडकला. रुचिरने परोपरीने समजावलं, की मुलांच्या मनातला हिरोच तुम्ही मोडताय. कमलाकरने वाद घातला नाही. खुर्ची ओढून तो शेजारी बसला आणि कापलेलं सगळं परत जोडेपर्यंत उठला नाही.

खेळाच्या दिवशी थेटर फुटायची वेळ आली. महाडची पोरं पुढे, वाड्यांवरची माणसं मागे, बयाबाई आणि नाथू मधल्या रांगेत. कवचवीर पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्यांनी पत्रा हादरला. रोपवेच्या वेळी तर पोरं बाकांवर चढली. आणि मग ती जांभूळ आली.

हेल्मेट निघालं. थेटर गप्प झालं. दाराशी उभा कमलाकर पोरं उठतात का ते बघू लागला. त्याने सईकडे पाहिलं. ती ओठ आवळून बसली होती. पडद्यावर नाथूने शेवटचा घास खाल्ला, तोंड पुसलं, हेल्मेट परत डोक्यावर चढवलं आणि तो रोलरच्या दिशेने चालू लागला. पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "त्याला लागेल." तो सईचा होता. एवढा वेळ कवचवीरला काही होईल अशी भीती एकाही पोराला वाटली नव्हती. आता सगळं थेटर जीव मुठीत धरून बसलं, आणि पडद्यावरचा राक्षस दरीत गेल्यावर जो गलका उठला, तसा त्या थेटरात कुणी ऐकला नव्हता.

कमलाकर दारातून पुढे सरकला. त्याने बयाबाईला शोधलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मागे वळून ती लोकांची तोंडं एकेक करून बघत होती, पार शेवटच्या रांगेपर्यंत. मग नवऱ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "सगल्यांनी बगितला तुला."