डावीकडे ओढणारा कोट

आमचे हे शिंपी. साधं झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढतात. पण रोज जेवताना टीव्हीवर एक खून पडल्याशिवाय यांना घास उतरत नाही. तीही मालिका अशी, की कपाटातून प्रेत कोसळतं आणि बाकीचे चहात साखर किती म्हणून विचारतात!

"अहो, माणूस मेलाय की!" मी म्हणते.

"मेलाय, पण तासाभरात उलगडा होतो. आपल्याकडे काय होतं गं तासाभरात?"

दुकानात हे कापणार-शिवणार, मी हातशिलाई करणार आणि काजं करणार मावशी. तीस वर्षं त्या एकाच स्टुलावर बसल्यात. दुकानाच्या मालकांच्या वडिलांची मोठी कात्री आठवडाभर सापडत नव्हती. परवा मालकांनी सरळ मावशींची पिशवी जमिनीवर उलटी केली. निघालं काय? चष्मा, रुमाल आणि अर्धं बिस्किट.

"संध्याकाळपर्यंत कात्री आली नाही, तर उद्यापासून येऊ नका."

मावशींचा चेहरा एवढासा झाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि यांच्या? यांच्या अंगात तो मालिकेतला इन्स्पेक्टर संचारला.

"सगळ्यांनी एका खोलीत जमा व्हायचं!"

खोली एकच होती. आम्ही तिथेच होतो.

कोट डावीकडे ओढतो म्हणून तिसऱ्यांदा आलेल्या हेडमास्तरांनाही यांनी बसवून घेतलं. गळ्यात टेप, हात मागे.

"गुन्हेगार तोच, ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही."

"मी नाही हो!" मालक दचकले.

"कात्री शेवटची कुणाच्या हातात होती?"

"तुमच्या," मी म्हटलं. "गेल्या आठवड्यात. आदल्या रात्रीचा खून रंगवून सांगत होता."

"आणि शिवत काय होतो?"

"हेडमास्तरांच्या कोटाला अस्तर," मावशी हळूच म्हणाल्या.

हे थबकले. अस्तर सरकू नये म्हणून वजनाला कात्री ठेवायची यांची सवय! मला कळलं, यांनाही कळलं. 'कोट ठेवून जा' म्हणाले असते तर गुपचूप सुटले असते. पण यांनी हेडमास्तरांच्या अंगावरच्या कोटाची डावी कड टराटरा उसवली. कात्री खणकन फरशीवर पडली.

"गुन्हेगार मी," हे म्हणाले.

"अहो, आठवडाभर मी कमरेच्या गोळ्या खातोय!" हेडमास्तर ओरडले.

मालिकेत इथे सगळे हसतात आणि खेळ संपतो. इथे कुणी हसेना. मावशी स्टुलावरून उठल्या, रिकामी पिशवी मालकांपुढे धरली आणि म्हणाल्या, "भरा."

मालक गुडघ्यांवर बसले. चष्मा उचलला, रुमालाची घडी घातली, मग टेबलाखाली हात घालून ते अर्धं बिस्किट शोधू लागले.