अण्णांची मूळ प्रत

अण्णांच्या देखत संगणकावर अक्षरं ठळक करायची कुणाची छाती नव्हती. मळमड्डीतल्या त्यांच्या घरी पहिल्याच दिवशी मी ‘प्रकरण पहिले’ हे शब्द मोठे, जाड केले, तर त्यांनी माझा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. ‘कसं दिसतं ते लिहू नको, विजू. काय आहे ते लिही. हा मथळा आहे, एवढी खूण कर. सुमाला तुझी जाड अक्षरं दिसणारायत काय?’

सुमाक्का त्यांची धाकटी बहीण. जन्मांध. अंध मुलांच्या शाळेत ती गणित शिकवायची. अळणावरकडून येणाऱ्या मराठी मुलांना वाचता येईल असं दहावीच्या गणिताचं पुस्तक तिच्याकडे नव्हतं. अण्णा निवृत्त गणितशिक्षक. ते लिहायला बसले. मजकुराची मूळ प्रत एकच, साध्या खुणांची. बटण दाबलं की तिच्यातून छापायची, ब्रेलची आणि मोबाइलनं वाचून दाखवायची अशा तीन प्रती निघत. ‘विहीर एक, घागरी तीन,’ ते म्हणत. ‘पाणी गढूळ आलं तर विहीर उपसायची. घागर गाळत बसायचं नाही.’

मी विद्यानगरच्या कॉलेजात शिकवून त्यांच्याकडे मदतीला जायची, त्यांनी वहीत लिहिलेलं संगणकावर उतरवायची. चौदा प्रकरणं लिहून झाली आणि अण्णांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. बसवेना, तेव्हा ते पडल्या पडल्या चुका सांगू लागले. रायापूरचा छापखानावाला घाई करत होता. मी दुरुस्त्या थेट छापायच्या प्रतीत केल्या, काही ब्रेलच्या. मूळ प्रतीत सावकाश करू म्हटलं. दोन महिने असंच चाललं.

एका सकाळी अण्णांना जरा बरं वाटलं. ते उठून संगणकापाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. जुन्या प्रतींवर नव्या तीन प्रती बसल्या. माझ्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या. मला ते त्याच दिवशी कळलं. मी बोलले नाही.

आठवड्यानं सुमाक्का भर दुपारी रिक्षानं आली, हातात ब्रेलचे कागद. ‘अण्णा, पोरांनी चार दिवस चुकीचं सूत्र पाठ केलंय. वजाच्या जागी अधिक आहे इथं.’

‘ते विजूनं कधीच दुरुस्त केलंय की,’ म्हणत अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं.

‘अशा किती?’

‘शंभरेक असतील. टिपून ठेवल्या नाहीत, अण्णा.’

‘एल्ला होतु,’ ते कानडीत म्हणाले. ‘सगळं गेलं, सुमा.’ आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. एक शब्द रागाचा बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावून घेतलं. सुमाक्कानं बोटानं वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, ‘थांब’ म्हणाले की मी मूळ प्रतीत दुरुस्त करायचं. औषधाच्या गुंगीत त्यांचा धागा तुटे. आठवीच्या मुलाला यावं असं समीकरण त्यांना सुटेना. ‘पुन्हा वाच, पुन्हा वाच,’ म्हणत ते उशी मुठीत आवळत. सुमाक्का तीच ओळ पाच-पाचदा वाची. नवव्या प्रकरणाच्या शेवटी ते म्हणाले, ‘पुढं तुम्ही दोघी बघा. मला आता अंक ऐकू येईनात.’ चार दिवसांनी ते गेले.

उरलेली पाच प्रकरणं आम्ही दोघींनी तपासली. पुस्तक निघालं. परवा सुमाक्काचा फोन आला, ‘बाराव्या प्रकरणात एका पोरीला चूक सापडली गं.’ मी माझीच समजून अण्णांची हस्तलिखित वही काढली. चूक वहीतही होती. अण्णांच्याच अक्षरात, ठसठशीत.

मी मूळ प्रत उघडली, पण हात उठेना.

‘विजू,’ फोनवर सुमाक्का म्हणाली, ‘दुरुस्त कर की. पोरं थांबल्यात.’

मी त्यांचा आकडा खोडला, बरोबर आकडा लिहिला आणि बटण दाबलं.